कुणाच्या हुकमानं

मानकरी होडीत बसले होते, जमादार बसले होते आणि मी धक्क्यावरचा दोर सोडत होतो, तेवढ्यात काजूच्या बागेकडून अर्जुन भुवड धावत येताना दिसले. सत्तरीला टेकलेला माणूस, धोतर गुडघ्यावर खोचलेलं, पायांत काही नाही, आणि दोन्ही हातांवर आडवी धरलेली त्यांची नात, कल्पी. पोरीचा उजवा पाय पोटरीपाशी पंच्याने आवळून बांधलेला होता.

"पान लागलं," धक्क्यावर येऊन ते कसेबसे म्हणाले. "फुरसं होतं. मी बघितलंय."

आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. फुरसं म्हणजे मातीच्या रंगाचं, वीत-दीड वीत लांबीचं जनावर. नागासारखं ते झटपट मारत नाही. आधी माणसाचं रक्त पातळ करतं, मग हिरड्यांतून, नाकातून, जिथून वाट मिळेल तिथून ते बाहेर यायला लागतं. त्यावरचं इंजेक्शन मिळायचं खाडीपलीकडच्या पेठेत, सरकारी दवाखान्यात. रस्त्याने जायचं तर अख्ख्या खाडीला वळसा, तोही एसटी असली तर. ती सकाळीच येऊन गेली होती.

वरच्या गावातही एक होडी होती, पण तिथवर चालत पोचेपर्यंत पाणी उतरलं असतं. म्हणजे उरली माझी होडी. आणि ओहोटी लागलेली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर धक्क्याभोवती नुसता चिखल राहिला असता आणि पुढची भरती येईपर्यंत होडी जागची हलली नसती.

हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. तरी झालं ते असं. बाळोजी गोताड, म्हणजे आमच्या गावकीचे मानकरी, काही न बोलता उठले. पिशवी काखेत मारली, होडीतून उतरले, धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी दोर सोडायचा थांबलो.

कारण अर्जुनभाऊ वाळीत होते. शिमग्यापासून गावात कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. दुकानदार त्यांना मीठ देत नव्हता, गिरणीवाला त्यांचं दळण घेत नव्हता आणि मी त्यांना होडीत घेत नव्हतो. जो घेईल तोही वाळीत, असा गावकीचा ठराव होता.

भांडण कशावरून झालं ते ऐकलंत तर हसाल. देवळाकडे जाणारी पायवाट रुंद करायची होती आणि ती भाऊंच्या काजूच्या बागेतून जात होती. गावकीने बैठक घेऊन ठरवलं, बागेची एक पट्टी घ्यायची. ठरल्यावर दोघांना निरोप द्यायला पाठवलं. भाऊ त्यांना म्हणाले, "जमीन कुणाची?" ते म्हणाले, "तुमची." "मग मला न विचारता ठरली कशी?" ते म्हणाले, "आता विचारतोय की." भाऊ म्हणाले, "आता विचारत नाही आहात, कळवताय. मागायला आला असतात तर दोन पट्ट्या दिल्या असत्या. ठरवून आलात, आता एक झाडसुद्धा नाही."

दोन पट्ट्या त्यांनी खरंच दिल्या असत्या. शाळेच्या विहिरीसाठी कोपऱ्यावरची जागा त्यांनीच दिली होती, मास्तर हात जोडून आले म्हणून. पण माणूसच तसला. सगळी नोकरी मुंबईत एका सरकारी कचेरीत गेली होती, लोकांचे परवान्याचे अर्ज तपासण्यात. अमक्याला पिठाची गिरणी टाकायचीय, परवाना. तमक्याला सिमेंट विकायचंय, परवाना. ते म्हणायचे, "हरेश, चांगली धडधाकट माणसं माझ्या टेबलासमोर उभी राहायची आणि स्वतःच्या पैशाने स्वतःचं काम करायला माझी परवानगी मागायची. मी कोण रे? सही मारणारा कारकून." निवृत्त होऊन गावी आले ते हेच डोक्यात घेऊन. वाळीत पडायच्या आधी माझ्या होडीत बसले की सगळ्या उतारूंना ऐकवायचे. माणूस स्वतःचा मालक. त्याचं अंग त्याचं, त्याची मेहनत त्याची, मेहनतीतून उभी राहिलेली वस्तू त्याची. सरकार असो, गाव असो, बाप असो, ज्याला काही हवं त्याने मागावं. हिसकावू नये. सरकारचं काम चोर पकडण्यापुरतं, तेवढं त्याने नीट करावं.

पुढे माझा मुलगा कॉलेजात राज्यशास्त्र शिकला. त्याच्या पुस्तकात याला व्यक्तिस्वातंत्र्यवाद असं भलंमोठं नाव होतं आणि त्याने मला त्याचा अर्थही वाचून दाखवला. भाऊंच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नाही. मला तेव्हा त्यातलं फारसं काही पटायचंही नाही. होडीत बसलेला माणूस काहीतरी बोलतोच, वल्हवणाऱ्याने हूं हूं म्हणायचं.

वाळीत टाकल्यावर मात्र भाऊंनी कमाल केली. पेठेतला एक वकील आपण होऊन आला, म्हणाला, गावावर केस करू. भाऊंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "न बोलायचा त्यांना हक्क आहे, वकीलसाहेब. जीभ त्यांची आहे. केस करून मी त्यांच्याकडून रामराम वसूल करू काय?" रोज सकाळी ते गावातून फिरायचे, दिसेल त्याला नावाने हाक मारून "बरं हायस ना?" विचारायचे, समोरचा गप्प राहिला की "बरं हाय, भाऊ," असं आपणच उत्तर देऊन पुढे जायचे. पोरं फिदीफिदी हसायची. मोठ्यांना ते शिवीपेक्षा जास्त झोंबायचं. नात तेवढी जवळ होती, मुलगा-सून मुंबईला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दळण डोक्यावर घेऊन हा माणूस डोंगर चढून दुसऱ्या गावच्या गिरणीवर जायचा. पण कुणाबद्दल तक्रार नाही.

आणि माझं म्हणाल तर, आम्ही भोई. अख्ख्या गावात आमचं एकच घर. होडी बापाने स्वतः बांधून घेतलेली, पण पोट गावाच्या हातात. उतारूंकडून रोजचे पैसे घ्यायची रीत नव्हती. सुगी झाली की प्रत्येक घरातून तरीचं, म्हणजे होडीने ने-आण केल्याचं, भात यायचं, त्यावर आमचं वर्ष निघायचं. त्या वेळी शेतं पिवळी पडली होती, कापणी तोंडावर होती. शिवाय तुळशीचं लग्न झालं की माझ्या बहिणीचं, शेवंतीचं लग्न होतं. मांडव घालणारी माणसं गावकीची, जेवणाची मोठी भांडी गावकीची. बाप नव्हता. ते भात आणि ती भांडी आली नाहीत तर काय होईल, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"काय झालं रं?" जमादार म्हणाले. "थांबलास का? घे की त्यास्नी."

जमादार मोहिते घाटावरचे. पलीकडच्या चौकीवर नुकते बदलून आले होते, कुणाला तरी समन्स द्यायला सकाळी माझ्याच होडीतून आले होते. त्यांना गावकीबिवकी काही ठाऊक नव्हती. मी मानकऱ्यांकडे बघितलं, मानकऱ्यांनी पाण्याकडे बघितलं. शेवटी मीच खाली मान घालून म्हटलं, "ते वाळीत हायत, सायेब."

"वाळीत?" जमादार उठून उभे राहिले, होडी डुलली तसे पुन्हा बसले. "आरं लहान पोर हाय ती! माणसं हायसा का कोण?"

 भाऊ धक्क्यावर माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. धापा टाकत होते, पण एक अक्षर बोलत नव्हते. कल्पी त्यांच्या हातांवर डोळे मिटून पडली होती. बांधलेल्या जागेखाली पाय सुजून चकचकीत झाला होता.

"ए पोरा, काढ होडी," जमादार म्हणाले. "माझा हुकूम हाय. कोण काय म्हणतंय ते मी बघतो."

खरं सांगतो, त्या क्षणी जमादार मला देवासारखे वाटले. माझ्या छातीवरचा धोंडाच कुणी उचलला. पोलिसाने हुकूम केला म्हटल्यावर मी काय करणार? पोर वाचणार, भात वाचणार, लग्न वाचणार.

आणि मी एकटाच सुटलो असं नव्हे. मानकरी इतक्या वेळाने पहिल्यांदा बोलले, जमादारांकडे बघून, पण मला ऐकू जाईल असं. "सायबांचा हुकूम आसंल तर आमचं काय म्हननं नाय. पोलिसाच्या फुडं कोन काय करनार?" त्यांचा आवाज मोकळा झाला होता. त्यांनाही नातवंडं होती. वाईट माणूस नव्हता तो. ठराव करून बसला होता आणि आता त्यातून बाहेर पडायला त्यालाही दार मिळालं होतं.

"बसा, अर्जुनभाऊ," मी हात पुढे केला. "द्या तिला हिकडं."

भाऊ जागचे हलले नाहीत.

"हुकूम मागं घ्या, जमादार," ते म्हणाले.

"आं?"

"होडी त्याची आहे. तुमची नाय, माझी नाय, सरकारची नाय. मी त्याला विचारायला आलोय. तुम्ही मधे पडू नका."

"आवो आजोबा, डोकं ठिकाणावर हाय का?" जमादारांना कळेचना. "तुमच्यासाठीच सांगतोय न्हवं मी?"

"तुमचं काम चोर धरायचं. हितं चोर कोण हाय?"

जमादार माझ्याकडे बघायला लागले, जणू मी त्यांना हे मराठीत सांगणार होतो. पाणी उतरत होतं. धक्क्याच्या खालच्या पायरीवरचं शेवाळ उघडं पडलं होतं, होडीचा मागचा भाग तळाला घासायला लागला होता. माझं डोकंच फिरलं.

"भाऊ, बसा ना! तेनी हुकूम दिलाय ना आता? मंग काय पायजे तुमाला?"

"हुकमाच्या होडीत मी बसणार नाय."

"पोर मरंल!" मी ओरडलो. वडीलधाऱ्या माणसावर मी आयुष्यात असा ओरडलो नव्हतो. "तुमच्या त्या भाषणांपायी पोर मरंल, कळतंय काय? तुमी धरा तुमचं तत्त्व, तिला कशाला मारताव?"

 मला वाटलं, भाऊ आता रडतील. पण ते बोलले ते अगदी हळू, होडीत एरवी मला काही समजावून सांगायचे तसं.

"हरेश, जमादार रोज धक्क्यावर बसलेला नसतो. आज तो हाय म्हणून तू नेशील, आणि उद्या गावकीला सांगशील, मी काय करू, हुकूम होता. परवा दुसऱ्या कुणाला पान लागेल. मी नसेन, बाळोजीचंच पोर असेल. तेव्हा तू हितं दोर धरून हुकूम देणाऱ्याची वाट बघत उभा राहशील. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. नेतोस की नाय? नाय म्हणालास तर मी तुला शिवी देणार नाय."

मानकऱ्यांनी एकदम वर बघितलं. आपल्या नावाचा उच्चार ते शिमग्यानंतर भाऊंच्या तोंडून रोज ऐकत होते, पण असा नाही.

जमादारांनी कपाळावर हात मारला. "बरं बाबा. घेतला मागं. न्हाई माझा हुकूम. आता?"

आता माझ्यावर आलं.

मला भाऊंचा इतका राग आला होता की तसा राग पुढे कुणाचा आला नाही. सगळं जमलेलं त्यांनी मोडून ठेवलं होतं. मी गरीब माणूस, मला हुकूम हवा होता. कधी होडी काढायची, कुणाला आधी घ्यायचं, पालखीच्या दिवशी कुणाकुणाला फुकट न्यायचं, सगळं मला गाव सांगायचं आणि मी करायचो. त्यात मला कमीपणा वाटत नव्हता. बरं वाटायचं. चूक झाली तर ती सांगणाऱ्याची. तोवर मला कुणी कधी विचारलंच नव्हतं, हरेश, तू काय करतोस? आणि विचारलं ते अशा वेळी, एका बाजूला माझी आई आणि बहीण आणि दुसऱ्या बाजूला त्यांची नात.

 मी नाही म्हणू शकलो असतो. हे मला लख्ख कळलं, आणि त्याचीच भीती वाटली.

कल्पीने डोळे उघडले. तिला वाटलं असावं, नेहमीसारखी आपण होडीची वाट बघत उभे आहोत. वाळीत पडायच्या आधी आजोबांबरोबर ती बाजाराला यायची, पुढच्या फळीवर बसायची.

"काका, होडी कधी सुटनार?" तिने विचारलं. तिच्या दातांना रक्त लागलं होतं.

"सुटली," मी म्हटलं. "बसा, भाऊ. मी नेतोय."

पोरीला मी त्यांच्या हातांतून घेतलं आणि जमादारांच्या मांडीवर दिलं. भाऊ चढले. मी कमरेइतक्या पाण्यात उतरून होडी ढकलली, एकदा हलली नाही, दुसऱ्यांदा हलली. चढता चढता धक्क्यावर बघितलं. मानकऱ्यांनी आमच्याकडे पाठ केली होती आणि ते गावाच्या दिशेने बघत उभे होते, काही दिसू नये म्हणून की काय.

त्या खेपेचं काय सांगू? ओहोटीची ओढ समुद्राकडे नेत होती, सरळ वल्हवलं तर आम्ही खाडीच्या मुखाशी गेलो असतो. मी वरच्या अंगाला तोंड करून तिरकी होडी घातली. वाटेत वाळूचा पट्टा वर येऊ लागला होता, तो टाळायचा तर लांबून जायचं, लांबून जायचं तर वेळ जायचा. मी पट्ट्यावरून घातली. तळ खरवडला तसे जमादार डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागले. घाटावरचा माणूस, पाण्याला भ्यायचा, पण पोरीला त्याने छातीशी घट्ट धरलं होतं आणि तिच्या नाकातून आलेलं रक्त तो आपल्या खाकी बाहीने पुसत होता. भाऊ दुसरं वल्हं घेऊन बसले. त्यांना वल्हवता येत नव्हतं, माझ्या उलटं मारत होते. "ठेवा ते!" मी खेकसलो. त्यांनी निमूट ठेवलं. मग पूर्ण वाटभर ते कल्पीशी बोलत राहिले, झोपू नको, पलीकडे पेठ दिसते का बघ, पेठेत काय काय आहे सांग. ती एकेक सांगत होती. मधेच सांगायची थांबली तेव्हा मी मागे वळून बघितलंच नाही. फक्त वल्हवलं.

पलीकडे जमादारांनी एक टेम्पो अडवला. त्याच्यावर मात्र त्यांनी हुकूम चालवला असणार, कारण तो मासळीने भरलेला होता. भाऊंनी तेव्हा काही म्हटल्याचं मला ऐकू आलं नाही.

कल्पी वाचली. पाय बरेच दिवस काळा होता, पण वाचला. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि त्याच संध्याकाळी गावकीने मला देवळात बोलावलं.

आई घरातूनच विनवण्या करत बरोबर आली. तिला सगळा गाव आधीच भेटून गेला होता. "तुजं वाईट कुनाला नको हाय," ती सांगत होती. "येवडंच म्हन, जमादारानं सांगतलान म्हनून नेलं. खोटं हाय काय त्यात? सांगतलानच की." खोटं नव्हतंच. तीच तर गोम होती.

देवळात सगळे होते, दुकानदार, गिरणीवाला, पट्टीचा निरोप घेऊन गेलेले ते दोघे. मानकरी मधे बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, इकडचंतिकडचं विचारलं, शेवंतीच्या लग्नाची तयारी कुठवर आली विचारलं. मग म्हणाले, "हरेश, तू परवा वाळीतल्या मानसाला तरीतून नेलंस. कुनाच्या हुकमानं?"

प्रश्न विचारतानाच त्यांनी उत्तर ताटात वाढून ठेवलं होतं. पुढे ते हेही म्हणाले, की पोलिसाचा हुकूम असेल तर देवापुढे एक नारळ ठेवायचा आणि विषय मिटला. बायकांमध्ये बसलेली आई मला दिसत होती. ती पदर तोंडाशी धरून मान हलवत होती, म्हण, म्हण.

मी म्हणणारच होतो. देवाशपथ, वाक्य तोंडात आलं होतं. पण त्याच वेळी मला जाणवलं, हे म्हटलं की ती खेप माझ्याकडून गेली. ती जमादारांची झाली. वाळूच्या पट्ट्यावरून होडी मी घातली, मागे वळून न बघता वल्हवलं मी, पोर जिवंत उतरवली मी, आणि मी म्हणायचं, मी नव्हतो तिथे, हुकूम होता. एवढी वर्षं वल्हवत होतो, त्यातली हीच एक खेप माझी होती. ती द्यायला माझा जीव होईना.

"कुनाच्याच नाय," मी म्हटलं.

"नीट आठव," मानकरी म्हणाले. "मी हुतो थितं. जमादारानं हुकूम केलान."

"केलान. मंग मागं घेतलान. तुमी पन ऐकलंव. मंग मला इचारलं, नेतोस काय. मी म्हटलं, नेतो. आनि नेली."

 मानकरी माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर राग होता असं मी म्हणणार नाही. माणूस बुडणाऱ्याला दोर फेकतो आणि बुडणारा तो परत फेकतो, तेव्हा जसं तोंड होईल तसं झालं होतं. शेवटी ते म्हणाले, "मंग तुजं तू बघ." तेवढ्यात बायकांतून आईचा हुंदका आला.

त्या वर्षी तरीचं भात आलं नाही. शेवंतीचं लग्न नवऱ्याकडच्यांनी त्यांच्या दारात लावून घेतलं, तेही तिचा सासरा भला म्हणून. आईने माझ्याशी बोलणं टाकलं, तिला तर गावकीने सांगितलंही नव्हतं. ते मला सगळ्यांत जास्त लागलं. मी वीर नव्हतो. कितीदा वाटलं, जाऊन नारळ ठेवावा.

देवळातल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला मी सवयीने धक्क्यावर गेलो. कुणी आलं नाही. माणसं यायची, मला बघायची आणि खाडीच्या कडेने चालत वरच्या गावच्या तरीकडे जायची. ऊन वर आलं तरी मी तसाच बसून होतो. मग अर्जुनभाऊ आले. आदल्या रात्री ते वरच्या गावाने वळसा घालून दवाखान्यातून घरी आले होते, कल्पीपाशी तिची आई येऊन पोचली होती. ते होडीत चढले आणि मधल्या फळीवर बसले.

"दवाखान्यात?" मी विचारलं.

"नाय. दवाखान्यात सून हाय."

"मंग पेठेत काय काम?"

"काय नाय. तरीवाल्याला उतारू नको काय?" त्यांनी खिशातून पैसे काढून फळीवर ठेवले. "चल. तिकडे पोचलो की परत येऊ. संध्याकाळी पुन्हा."

मी दोर सोडला. अर्धी खाडी मागे पडली. माझ्या मनात एक गोष्ट देवळातून निघाल्यापासून घोळत होती, ती विचारल्याशिवाय मला चैन पडली नसती.

"भाऊ, मी नाय म्हटलं असतं तर काय केलं असतंव?"

त्यांनी जराही विचार केला नाही. "वल्हं तुझ्या डोक्यात घातलं असतं आणि होडी नेली असती."

मी वल्हवायचा थांबलो. "तुमी?"

"मी. बघत होतो ना कुठलं वल्हं हाताशी येतंय ते."

"शिवी देनार नाय म्हनला हुतांव!"

"शिवी दिलीच नसती."

मला हसावं की पाण्यात ढकलावं कळेना. "तुमाला वल्हवता येत नाय. बुडाला असतांव दोघंव."

"बुडालो असतो."

"मंग जमादाराचा हुकूम काय वाईट हुता? तेनी तर नुसतं तोंडानं सांगतलान. तुमी डोकं फोडलं असतंव माजं!"

 भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "हुकूम करणाऱ्याला वाटतं, होडी त्याचीच हाय. चोराला ठाऊक असतं, ती तुझी हाय. मी चोर झालो असतो, हरेश. पोरीसाठी झालो असतो, आणि पोर पोचवून जमादाराला म्हटलं असतं, धर मला. तुझ्याकडून काहीतरी हिसकावलंय हे निदान आपल्या तिघांना ठाऊक असतं. हुकमाने नेली असती तर ते कुणालाच कळलं नसतं. तुलाही नाय."

त्या माणसापायी माझं वर्षाचं भात गेल्यात जमा होतं, आईचं बोलणं गेलं होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला एवढा मोठा मान देत होतं, की माझी वस्तू घ्यायची तर त्याला चोर व्हावं लागेल. माझे डोळे भरून आले ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी खाली वाकलो, त्यांच्या पायाशी पडलेलं दुसरं वल्हं उचललं आणि माझ्या फळीखाली सरकवून ठेवलं.